शिवेवरचा थांबा

आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा, तर माणसानं निदान हलका तरी निवडावा. जयवंता ठोंबरेनं निवडला तो आखाडातला पहिला मंगळवार.

झालं असं. जलद बसच्या कचेरीतले राजेशसाहेब जूनच्या अखेरीस चिंचधोंडला आले. थांब्याशेजारच्या शेडमध्ये बसून त्यांनी तांदळाची भाकरी आणि शेवग्याची भाजी खाल्ली, हात धुतले आणि रुमाल शोधत म्हणाले, "मावशी, वरून पत्र आलंय. कमी गर्दीचे थांबे बंद करायचेत. तुमच्या थांब्यावर एक दिवस मोजणी होईल, सकाळी सहा ते संध्याकाळी आठ. दीडशे माणसं बसमध्ये चढली तर थांबा राहिला. नाहीतर गाड्या न थांबता पुढं जाणार. एक माणूस दिवसात एकदाच धरायचा, म्हणजे बसचं दुसऱ्याचं कार्ड दाखवून पुन्हा चढायची लबाडी चालणार नाही. दिवस मात्र तुम्ही सांगा. तेवढं माझ्या हातात आहे."

"मंगळवार धरा," जयवंता लगेच म्हणाली. "मंगळवारी बाजार. दीडशे काय, दोनशे चढतील." तिनं बोटांवर आठवडे मोजून तारीखही दिली, एकवीस जुलै. तोवर लावणी उरकलेली असेल, बायका मोकळ्या असतील. साहेबांनी तारीख वहीत टिपली. शेडमधली तिची जोडीदारीण सोनुबाई हिनं त्यांना आणखी एक भाकरी वाढली. त्या दुपारी सगळ्यांनाच आपण फार हुशार आहोत असं वाटत होतं.

जयवंता मूळची भिवपुरीची. वडील पॉवरहाऊसवर नोकरीला, त्यामुळे ती क्वार्टर्समध्ये भोंग्याच्या वेळेवर वाढली आणि स्टेशन तर हाकेच्या अंतरावर. लग्न होऊन चिंचधोंडला आली तेव्हा तिनं सासूला पहिलाच प्रश्न विचारला, हितनं गाडी कुठं मिळते? सासूनं तिच्या पायांकडे बोट दाखवलं. गाव होतं कर्जत तालुका संपतो आणि खालापूर सुरू होतो त्या शिवेवर, आणि दोन्ही तालुक्यांनी ते दुसऱ्याचं समजून सोडून दिलेलं. गाडी पकडायला फाट्यापर्यंत तीन किलोमीटर चालायचं. तिच्या नवऱ्यानं रसायनीच्या कारखान्यातल्या नोकरीपायी सव्वीस वर्षं ती वाट तुडवली. निवृत्त झाल्यावर दोन वर्षांत तो गेला, तेव्हा बायका म्हणाल्या की माणूस चालूनच संपला.

मग कडावपासून पनवेलपर्यंत जलद बसचा मार्ग आला. रस्त्याच्या मधोमध बससाठी राखून ठेवलेली पट्टी, जिच्यात दुसरं वाहन शिरत नाही, आणि पट्टीलगत चौथऱ्यावर छपराचे थांबे. मार्ग गावाच्या अंगावरून जाणार होता, पण नकाशात चिंचधोंडला थांबा नव्हता. जयवंतानं अर्जबिर्ज केला नाही. मोजमापाला आलेल्या इंजिनियरला तिनं पहाटे पाचला बोलावलं, कॉलेजच्या नऊ मुली सोबत घेतल्या आणि त्याला गावापासून फाट्यापर्यंत चालवलं. पावसात. वाटेत त्याचा एक बूट चिखलात राहिला. थांबा मिळाला. गाव अजून म्हणतं की तो थांबा बुटाच्या बदल्यात मिळाला.

आणि गेल्या दिवाळीत थांबा सुरू झाल्यावर जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पहिल्या सहा महिन्यांत चार बंद घरांची कुलपं निघाली. पनवेलला खोल्या करून राहिलेली पोरं बायकामुलांसकट परत आली, कारण इथून सकाळी निघून वेळेवर पोचता येत होतं. थांब्याशेजारी बायकांनी पत्र्याची शेड टाकली. पहाटे चारला चूल पेटायची आणि भाकरी-भाजीचे डबे थेट बसमध्ये जायचे. दूध गोळा करणारा टेंपो फाट्याऐवजी इथंच येऊ लागला. डॉक्टरीणबाई दर गुरुवारी बसनं येऊन समाजमंदिरात बसू लागल्या आणि त्याच समाजमंदिरात मुलींनी अभ्यासाची खोली केली. सोनुबाई म्हणायची, पूर्वी गावात पाहुणा आला तर लोक विचारायचे, "कोण मेलं?" आता विचारतात, "कुठल्या बसनं आलात?"

जयवंतापुरतं बोलायचं तर थांब्यानं तिचं घर भरलेलं राहिलं. सून हर्षला रसायनीच्या कारखान्यात तपासणी विभागात होती. थांब्याआधी तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, संतोषनं, पनवेलला खोली बघायला सुरुवात केली होती. त्यांची चार वर्षांची लेक समीक्षाही अर्थात त्यांच्यासोबत जाणार होती. थांबा आला आणि तो विषय मिटला. मोजणीचं कळल्यावर तो पुन्हा निघाला, पण हळू आवाजात, स्वयंपाकघराच्या दाराआड. त्या आवाजालाच जयवंता जास्त भ्यायली.

जुलैच्या मध्यावर मालोजी दारात आले. मालोजी म्हणजे तिचे थोरले दीर, वय चौऱ्याहत्तर, आणि गाव बांधण्याचा मान त्यांच्याकडे. हातात तांदळाची पुरचुंडी. उंबऱ्यावर चार दाणे टाकून ते नेहमीच्या सुरात म्हणाले, "येत्या मंगळवारी गाव बांधायचं हाय. घरातल्या घरात ऱ्हावा."

जयवंताचे हात पिठात होते. ते तिथंच राहिले.

गाव बांधणं म्हणजे काय, ते सांगतो. आखाडाच्या पहिल्या मंगळवारी सूर्य उगवताना मालोजी आणि चार मानकरी गावाच्या शिवेवर दोरा ताणतात, नारळ फोडतात. रोगराई आत येऊ नये म्हणून. मग सूर्य मावळून दोरा सुटेपर्यंत आतलं माणूस बाहेर जात नाही आणि बाहेरचं आत येत नाही. शेतात कुणी पाय घालत नाही. किती खरं, किती खोटं, मला विचारू नका. पण त्या दिवशी या गावातली लहान पोरंसुद्धा खेळता खेळता दोऱ्याजवळ आली की आपोआप थांबतात, एवढं मला ठाऊक आहे.

जयवंताला हे ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? पण गेल्या साली गाव एक जुलैलाच बांधलं होतं, आणि तिच्या डोक्यात तीच तारीख बसलेली. यंदा जेठ दोनदा आला, आखाड वीस दिवस पुढं सरकला. अधिक महिन्यात तिनं स्वतःच्या हातानं जावयाला अनारसे खाऊ घातले होते, लेक नम्रताला साडी घेतली होती आणि तरीही बोटांवर आठवडे मोजताना तो महिना तिच्या बोटांतून निसटला. चूक तिची होती. दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारायला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती खालापूरला कचेरीत गेली. राजेशसाहेबांनी ऐकून घेतलं, वही उघडून दाखवली. "बुधवारी अहवाल जायचा आहे, मावशी. सगळ्या थांब्यांच्या तारखा ठरल्यात. आणि हा दिवस तुम्हीच दिलात." त्यांच्या आवाजात राग नव्हता, कीव होती. ती तिला जास्त लागली.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. भातखाचरं मागं पळत होती आणि तिला एकदम नवरा आठवला. लग्नाचं पहिलं वर्ष. तो रातपाळीवरून परतला तेव्हा दोरा बांधून झाला होता. बाहेरचा तो बाहेर. दिवसभर तो शिवेपलीकडच्या बांधावर बसून राहिला आणि ती आतल्या बाजूला, दहा हातांवर, जातायेता त्याच्याकडे बघत राहिली. भाकरी देता येत नव्हती, बोलायची लाज वाटत होती. पण त्याला कुणी बोल लावला नव्हता. दोरा तोडणारा पापी. दोऱ्याच्या आधीच बाहेर असलेल्याला नियम काही म्हणत नाही.

म्हणजे ज्यांना प्रवास करायचा आहे त्यांनी उजाडायच्या आधी शीव ओलांडायची, शेडमध्ये बसायचं, आपापल्या बसला जायचं आणि परतल्यावर दोरा सुटेपर्यंत बाहेरच थांबायचं. जयवंता बसमधून उतरली ती जवळजवळ पळतच.

पण यात एक मोठी मेख होती आणि तिचं नाव मालोजी.

गावाचा शिवेचा देव म्हणजे शेंदूर फासलेला एक धोंडा. तो पूर्वी जिथं होता, बरोबर तिथं आता थांब्याच्या चौथऱ्याचा पहिला खांब होता. मार्ग आखताना धोंडा गावाच्या बाजूला वीस पावलं आत, चिंचेखाली हलवावा लागला. गावकीच्या बैठकीत मालोजी नाही म्हणाले. जयवंता उभी राहिली, दिरासमोर पहिल्यांदा तोंड उघडलं आणि गावाला हो म्हणायला लावलं. तेव्हापासून मालोजी त्या बसमध्ये चढले नव्हते. दवाखान्यात जायचं तरी काठी टेकत फाट्यापर्यंत चालत. तिच्याशी बोलायचे, पण कामापुरतं.

डोक्यावर पदर घेऊन ती त्यांच्या पडवीत उभी राहिली आणि सगळं सांगितलं, स्वतःच्या चुकीसकट. मालोजी सुपारी कातरत ऐकत होते.

"देव हलवलास," ते शेवटी म्हणाले. "शीव हालत नाय. शीव जिथं व्हती तिथंच हाय. मी दोरा तिथनंच न्यायचा."

बस सुरू झाल्यापासून गाव पहिल्यांदाच बांधलं जाणार होतं. दोरा जुन्या जागेवरून गेला, तर तो बसच्या पट्टीवर आडवा येणार. पहिलीच बस तो तोडून जाणार, किंवा मानकरी बस अडवणार आणि पोलीस येणार. थांब्याचा निकाल मोजणीआधीच लागणार.

"भावजी, बस थांबायची नाय वो."

"मग दोरा तुटंल. गावाचं जे व्हायचं ते व्हईल." त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "आन् तू बाहेर बसनार म्हनतेस. नैवेद्य कोन करनार?"

शिवेच्या देवाचा अळणी भात ठोंबऱ्यांच्या घरच्या सुनेनं रांधायचा असतो. मालोजींची बायको गेल्यापासून आठ वर्षं तो जयवंताच रांधत होती. हर्षलाला कामावर जायचं होतं, आणि तिची बस मोजणीतली होती. जयवंता बाहेर बसली नाही तर बाकीच्या बायका बाहेर येणार नव्हत्या. त्या तिच्याकडे बघूनच तयार होणार होत्या.

"मंगळवारी बघू," मालोजी म्हणाले आणि पाठ फिरवून आत गेले.

मंगळवारपर्यंतचे दिवस तिनं कसे काढले ते तिलाच माहीत. ती घरोघर फिरली. काही बायका लगेच तयार झाल्या, काहींना सासवांनी दटावलं. मानकऱ्यांतल्या शुक्राची म्हातारी आई म्हणाली, "त्या दिवशी बाहेर गेलेल्याला काय झालं तर तू येनार हायस का गं?" जयवंता म्हणाली, "येनार." पण रात्री अंथरुणावर पडली की तोच प्रश्न तिच्या छातीवर येऊन बसायचा. घरात हर्षला फोनवर कुणाशी तरी भाड्याचं बोलत होती. सासू दिसताच तिनं फोन बाजूला घेतला आणि खोटं न बोलता म्हणाली, "आई, मोजणी उलटली तर एक तारखेपासून खोली बघावी लागंल. मला रोज तीन किलोमीटर अंधारात नाय जमायचं."

"मला कळतंय," जयवंता म्हणाली. तिला खरंच कळत होतं. ती वाट तिनं नवऱ्याच्या पायांवर पाहिली होती.

मंगळवार उजाडायच्या आधीच पाऊस लागला. पाच वाजल्यापासून माणसं छत्र्या, इरली, प्लास्टिकचे कागद डोक्यावर घेऊन शीव ओलांडून शेडमध्ये आली. कॉलेजच्या मुली, कारखान्यातली पोरं, डबेवाल्या बायका, बाजाराला भाजीच्या पाट्या घेऊन निघालेल्या चौघी. जयवंतानं मोजली तेव्हा त्र्याण्णव भरली. समीक्षा संतोषबरोबर घरी राहिली होती. हर्षला ओला पदर पिळत भिंतीशी उभी होती.

सहाला मोजणीसाठी कचेरीतून भाविका आली. विशीतली मुलगी, हातात आकडे दाखवणारं छोटं यंत्र. तिला गाव बांधण्याचं काही माहीत नव्हतं. एवढी माणसं शेडमध्ये दाटीवाटीनं बसलेली पाहून ती खूश झाली आणि म्हणाली, "वा, इथं तर छान गर्दी आहे."

सहा वाजून दहा मिनिटांनी गावाकडून मालोजी आले. मागं चार मानकरी, तिघं म्हातारे आणि शुक्रा. मालोजींच्या हातात हळदीत भिजवलेल्या दोऱ्याचा गुंडा. चिंचेखालच्या देवापाशी ते थांबले नाहीत. सरळ पुढं चालत आले, पट्टीच्या कडेपर्यंत. समोरच्या खांबाकडं, जिथं पूर्वी धोंडा होता तिथं बघत उभे राहिले. कर्जतकडून बसचे दिवे दिसू लागले होते.

जयवंता पुढं गेली नाही. आता काही बोललं तर ते वीस पावलांच्या जुन्या भांडणात जाऊन मिसळेल, हे तिला कळत होतं. ती फक्त उभी राहिली, पदर डोक्यावर, नजर दिरांच्या हातावर.

बस आली. दारं उघडली. हर्षला आणि तिच्यामागं चौदा माणसं चढली, भाविकाच्या हातातलं यंत्र टिकटिक करत राहिलं. मालोजी ते बघत होते. बस गेली तरी ते उभेच. मग सावकाश वळले, वीस पावलं मागं गेले आणि दोऱ्याचं टोक चिंचेला बांधलं.

दोरा ताणला गेला. थांबा बाहेर राहिला, शेड बाहेर, जयवंताही बाहेर. नारळ फुटला. दोऱ्यापलीकडून मालोजी तिला म्हणाले, "आत येयाचं तर आत्ता ये. गाठ अजून सैल हाय."

तिनं मान हलवली. मालोजींनी गाठ मारली आणि मागं न बघता गावात गेले. आज नैवेद्य होणार नाही, आठ वर्षांत पहिल्यांदा, आणि तो तिच्यामुळे होणार नाही, हे तिच्या मनात दिवसभर सलत राहिलं.

दहा वाजता यंत्रावर एकाहत्तर होते. बारा वाजता शंभरच्या जवळ. पलीकडच्या ठाकूरवाडीतली माणसं ऐकून आली आणि बाजाराला निघाली, तेव्हा आकडा एकशे बावीस झाला. जयवंता स्वतः बसनं चौक गावी जाऊन आली, मीठ आणि मेणबत्त्या घेऊन. आणायचंच होतं, उगाच चक्कर नव्हती. दुपारी तीननंतर मात्र पाऊस असा कोसळला की रस्ता दिसेना. बस यायच्या, दारं उघडायची, मिटायची. गावात घराघराच्या पडव्यांत माणसं उभी होती. ज्यांना एरवी दुपारनंतर कुठं ना कुठं जायचं असतं अशी पन्नास तरी, पण मध्ये दोरा होता. त्यांनी पहाटे घर सोडायचं धाडस केलं नव्हतं आणि आता नुसती बघत होती.

सोनुबाईचा जीव तुटत होता. "बहिणीचं कार्ड हाय माझ्याकडं," ती हळूच म्हणाली. "त्यावर पुन्हा चढते. त्या पोरीला काय कळतंय?"

"नको," जयवंता म्हणाली. "खोट्यावर ठेवलेला थांबा उद्या कुनीबी काढून न्हेईल."

"मग खऱ्यावर गेला तर चालंल तुला?"

जयवंतानं चुलीतलं लाकूड आत सारलं. पोटात काही गेलं नव्हतं. भुकेपेक्षा नैवेद्याचाच विचार जास्त.

सात वाजता यंत्रावर एकशे सेहेचाळीस होते. कामावरून परतलेली हर्षला शेडमध्ये येऊन सासूशेजारी बसली. दोघी दोऱ्याकडे बघत होत्या. आठच्या आत चार माणसं हवी होती आणि आठच्या आतली शेवटची बस पावणेआठची. दोरा सुटला तर गावातून चार माणसं कुणीही पळत येतील. पण दोरा सुटायचा सूर्य मावळल्यावर, आणि सूर्य तर दिवसभर दिसलाच नव्हता. अशा ढगाळ दिवशी मालोजी कधीच घाई करत नसत. गेल्या साली त्यांनी घड्याळ मानलं नाही, पावणेआठला दोरा सोडला होता. वर नियम असा की दोरा सुटल्यावर आधी देवाला नैवेद्य, मग गावानं घराबाहेर पडायचं.

सव्वासात. साडेसात. भाविका पिशवी आवरू लागली. तिच्या चेहऱ्यावर आता सकाळची खुशी नव्हती. दिवसभरात तिला सगळं कळलं होतं. "मावशी, मी काही करू शकत नाही हो," ती म्हणाली.

"तू नको काय करू, बाय. तू खरंच मोज."

साडेसात उलटून पाच मिनिटं झाली तेव्हा मालोजी गावातून आले. चार मानकरी मागं. सकाळसारखेच, फक्त दोऱ्याच्या गुंड्याऐवजी त्यांच्या हातात केळीच्या पानानं झाकलेलं ताट होतं. जयवंता उठून उभी राहिली. तिला कळेना की ताटात काय आहे, कारण रांधायला त्यांच्या घरात कुणी नव्हतं.

मालोजींनी चिंचेची गाठ सोडली. दोरा गुंडाळला. मग चिंचेखालच्या देवासमोर बसायचं सोडून ते सरळ थांब्याच्या फाटकापाशी आले. फाटकावरच्या माणसानं हात आडवा केला. "बाबा, तिकीट काढल्याशिवाय आत नाही."

"आमचा देव हितं व्हता," मालोजी खांबाकडे काठी दाखवत म्हणाले. "नैवेद्य हितंच ठेवायचा."

"ठेवा की. पण तिकीट."

मालोजींनी मानकऱ्यांकडे पाहिलं. मग कनवटीचा बटवा काढला. "पाच द्या. कुठलंबी द्या."

पाचही जण आत गेले. मालोजी गुडघे टेकून खांबाच्या पायथ्याशी वाकले, पान मांडलं, भात वाढला, पाणी फिरवलं. शेडमधल्या बायका हात जोडून उभ्या राहिल्या. कॉलेजच्या पोरींनीही जोडले. पावणेआठची बस वळणावर दिसली.

भाविकानं यंत्र पुन्हा हातात घेतलं, पण अवघडून म्हणाली, "आजोबा, नुसतं आत आलेलं मोजता येत नाही. चढावं लागतं."

ज्या माणसाचा देव जयवंतानं हलवला होता त्याला ती कुठल्या तोंडानं म्हणणार होती, की चढा? हर्षलानं तिचा हात घट्ट धरला.

बस थांबली. दारं उघडली. मालोजी काठीवर भार देत उठले, बसकडे बघितलं, मग मानकऱ्यांना म्हणाले, "तिकिटं काढलीत. फुकट घालवायची का रं?"

आधी शुक्रा चढला. मग तिघं म्हातारे, एकमेकांना हात देत. मालोजी सगळ्यांत शेवटी. पायरीवर एक पाय ठेवून ते थांबले आणि जयवंताकडे न बघता, तिला ऐकू जाईल एवढ्यानंच बोलले.

"भात करपला. चुलीशी कवा बसलो नव्हतो."

"मीठ?" तिनं विचारलं.

"नाय घातलं. तेवढं ठावं हाय मला."

दारं मिटली. भाविकाच्या यंत्रावर एकशे एक्कावन्न होते. तिनं ते वळवून सगळ्यांना दाखवलं, पण बायकांना आकडा बघायची शुद्ध नव्हती. सोनुबाई खाली बसून रडत होती आणि वर म्हणत होती की तिला सर्दी झालीय. हर्षलानं फोन काढला, कुणाला तरी दोनच वाक्यं बोलली, "खोली नको आता. दुसऱ्या कुनाला द्या." मग समीक्षाला बघायला धावत गावाकडे गेली.

गाव घराबाहेर पडलं, थांब्यापाशी गर्दी झाली, कुणीतरी भाविकाला बळंच चहा पाजला. जयवंता त्या गर्दीत नव्हती. ती खांबाच्या पायथ्याशी बसली होती. देवाचं झाल्यावर उरलेला भात ज्यानं रांधला त्याच्या घरच्यांनी खायचा असतो. तो करपट होता, अळणी होता, मधूनच कच्चाही होता. दिवसभराच्या उपाशी पोटी तिनं तो पानावरून शितंशितं वेचून खाल्ला.

परतीची बस साडेआठला होती. चौघा मानकऱ्यांचं कुणी ना कुणी चिंचेखाली उभं असणारच, पण मालोजींच्या घरी दिवा लावायलाही कुणी नव्हतं. जयवंतानं पदर सारखा केला आणि थोरल्या दिराची बस यायची वाट बघत ती तिथंच बसून राहिली.